चिल्क्याच्या बोटीत बसण्याआधी नावाड्याला काय सांगायचं

बडोद्याच्या कारेलीबागेतल्या एका ताईंनी विचारलंय: "डिसेंबरात आम्ही तीन कुटुंबं मिळून अकरा जण पुरीला जातोय. त्यातले दोन दिवस चिल्का सरोवरासाठी ठेवलेत. चार मुलं आहेत, सहा ते तेरा वर्षांची, आणि सत्तरीच्या सासूबाई. मुलांना डॉल्फिन बघायचेत, भाच्याला कायाक चालवायचीय, दिरांनी नवा ड्रोन घेतलाय. निसर्गाला त्रास न देता फिरा असं सगळेच सांगतात, पण म्हणजे नेमकं काय करायचं? कचरा टाकायचा नाही एवढंच, की आणखी काही?"

ताई, आणखी पुष्कळ आहे. कचऱ्याचं शेवटाकडे बोलते, कारण त्यातलं निम्मं तुम्हाला ठाऊकच आहे. वीस-बावीस वर्षं मी बडोद्याहून मुलांची आणि कुटुंबांची निसर्गशिबिरं नेते आहे. चिल्क्याला कितीतरी वेळा गेले. माझ्या पाहण्यात तिथे पर्यटकाकडून सगळ्यात जास्त नुकसान एका वाक्यानं होतं: "भैया, थोडा और पास ले लो." म्हणून बोट सुटण्याआधी नावाड्याशी तुम्ही काय बोलता, यावर तुमची निम्म्याहून जास्त जबाबदारी पार पडते.

हे मी शिकले ते स्वतःच्या चुकीतून. २०११ साली चिल्क्याच्या काठच्या सातपाड्याला, जिथून डॉल्फिन बघायच्या बोटी सुटतात, आमचा सोळा जणांचा गट दोन बोटींत होता. तासभर काहीच दिसलं नाही. मुलं कंटाळली, पालक घड्याळ बघायला लागले, आणि मीच नावाड्याला म्हटलं की जरा पुढं घ्या. तेवढ्यात एक पाठ वर आली. आमच्या दोन्ही बोटी तिकडे वळल्या, त्या बघून आणखी तीन वळल्या. पाच बोटींच्या मधल्या तुकड्यात एक मादी आणि तिच्या कुशीला लागून लहान पिल्लू. दोनदा श्वास घ्यायला वर आली, तिसऱ्यांदा दिसलीच नाही. मुलं टाळ्या वाजवत होती. परतताना नावाडी शांतपणे म्हणाला, "दीदी, आप लोग ही बोलते हो पास चलो. हम नहीं जाएँगे तो अगली बार दूसरी बोट लेंगे." त्याचं खरं होतं. तो माणूस ते पाणी माझ्यापेक्षा हजारपट ओळखत होता. त्याला चुकीचं वागायला मी लावलं होतं.

चिल्का म्हणजे आपल्या बडोद्यातल्या सूरसागर तलावाचंच मोठं रूप, अशी कल्पना करून जाऊ नका. शाळेच्या भूगोलात खाजण सरोवर म्हणतात ते हे. समुद्र आणि सरोवर यांच्यामध्ये वाळूचा लांबलचक बांध आहे, आणि त्याला एखाददोन ठिकाणी तोंड. त्या तोंडातून भरतीचं खारं पाणी आत येतं, दुसऱ्या बाजूनं महानदीच्या दया, भार्गवी अशा शाखा गोडं पाणी आणि गाळ आणतात. पावसाळ्यात सरोवर साधारण ११६५ चौरस किलोमीटर पसरतं, उन्हाळ्यात ९०० च्या आसपास उरतं. एवढं अफाट असूनही हिवाळ्या-उन्हाळ्यात पुष्कळ ठिकाणी पाणी कमरेइतकं किंवा छातीइतकंच असतं.

पुढचं सगळं या उथळपणामुळे समजतं. खोल समुद्रात बोटीचा पंखा पाणी कापतो. चिल्क्यात तो तळाचा चिखल ढवळतो. पाण्याखाली गवताची कुरणं आहेत, माशांची आणि कोळंबीची पिलं त्यात वाढतात. गढूळ पाण्यात त्या गवताला ऊन मिळत नाही, आणि पंख्याखाली आलं तर ते मुळासकट निघतं. डॉल्फिनला खाली बुडी मारून निसटायला जागाच नसते, त्याला बाजूलाच पळावं लागतं. बाजूला दुसरी बोट असली तर?

या सरोवराचं खारं-गोडं गणित किती नाजूक आहे, हे एकदा सगळ्या देशानं पाहिलं आहे. १९८१ मध्ये चिल्क्याला रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय यादीत, जागा मिळाली, भरतपूरच्या केवलादेवसोबत, भारतातली पहिली दोन नावं. पुढे गाळानं समुद्राकडची वाट चोंदत गेली, पाणी गोडं झालं, पाणवनस्पती माजल्या, मासळी घटली. १९९३ मध्ये चिल्का रामसरच्या धोक्यातल्या पाणथळींच्या यादीत गेलं. सप्टेंबर २००० मध्ये सातपाड्याजवळ वाळूचा बांध कापून समुद्राला नवं तोंड उघडलं, खारं पाणी परत आलं, मासळी परत आली, आणि २००२ मध्ये त्या यादीतून नाव निघालं. आज तुमची मुलं तिथे डॉल्फिन पाहू शकतात त्यामागे ही सगळी मेहनत आहे. आणि ते पाणी आधी तिथल्या कोळ्यांचं आहे, सव्वाशेहून जास्त गावांचं. पाण्यात बांबूच्या काठ्यांची रांग दिसली की समजायचं, खाली कुणाचं तरी जाळं आहे, कुणाच्या तरी घरचा आजचा खर्च आहे. त्यावरून बोट न्यायची नाही, फोटोसाठी काठीला धरून उभं राहायचं नाही.

आता डॉल्फिन. मुलांना घरीच सांगा की टीव्हीवरचे उड्या मारणारे डॉल्फिन इथे नाहीत. चिल्क्यात आहेत ते इरावदी डॉल्फिन, म्यानमारच्या इरावदी नदीवरून नाव पडलेले. तोंड पुढं निघालेलं नसतं, कपाळ गोल, पाठीवर छोटासा पंख. वर येतात, श्वास सोडतात, "फूः" असा आवाज येतो, आणि करड्या पाठीची एक कमान दिसून जाते. बस, तेवढंच. सगळ्या चिल्क्यात मिळून ते दीडशेच्या आसपास आहेत. मादीला एका वेळी एकच पिल्लू होतं, तेही दोन-तीन वर्षांतून एकदा, म्हणून एकेक जीव मोलाचा. जाळ्यात अडकून आणि बोटीच्या पंख्यानं कापून ते मरतात. जे वाचतात तेही आवाजानं बेजार होतात. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग थोडा. ते आवाज सोडून आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकून मासे शोधतात, आणि चार इंजिनं डोक्यावर धडधडत असताना हे ऐकणं अवघड होतं.

म्हणून बोटीत पाय ठेवण्याआधी, पैसे ठरवतानाच, नावाड्याला सांगायचं: "भैया, डॉल्फिन दिखे ना दिखे, पूरा पैसा देंगे. पास नहीं जाना है. दूर से देखेंगे, इंजन बंद करके." हे अकरा जणांच्या वतीनं एकानंच बोलावं, आणि बाकीच्यांनी बोटीत त्याच्या उलट बोलू नये. तुमचे दीर उत्साही आहेत असं दिसतं. त्यांच्याशी आधी घरी बोलून घ्या. पूर्ण पैशाचा शब्द आधी दिला की नावाड्याच्या डोक्यावरचं ओझं उतरतं, आणि मग तो त्याला येतं ते करतो: वारा कुठला, भरती कधीची, मासे कुठे आहेत ते बघून बोट एका जागी उभी करतो. २०११ नंतर मी दरवेळी असंच केलं आहे. पन्नास मीटरच्या आत बोट न्यायला सांगायचं नाही. प्राणी स्वतःहून जवळ आला तर इंजिन बंद ठेवून नुसतं बसायचं. त्याच्या वाटेत समोरून जायचं नाही, पाठलाग करायचा नाही, दोन बोटी आधीच तिथे असतील तर तिसरी आपली नको. पिल्लू दिसलं तर पाच मिनिटांत निघायचं. एरवी वीस मिनिटं पुरे. एका जागी इंजिन बंद करून बसलेल्या बोटीतून मला जेवढे डॉल्फिन दिसलेत, तेवढे मागे धावणाऱ्या बोटीतून कधीच दिसले नाहीत.

उतरल्यावर नावाड्याला ठरल्यापेक्षा थोडे जास्त पैसे द्या, आणि कशासाठी ते बोलून दाखवा: "आपने दूर रखा, इसलिए." पुढच्या गिऱ्हाइकाला तो हेच सांगेल.

पक्ष्यांचं शिक्षण मात्र चिल्क्याला जाऊन घेऊ नका. ते बडोद्यातच होतं. डभोईजवळ वढवाणा आहे, आपल्यापासून चाळीसेक किलोमीटर. सयाजीराव महाराजांच्या काळात, १९०९-१० मध्ये शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला तलाव, आणि २०२१ पासून तोही रामसर स्थळ. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब तिथे दिसतात, चक्रवाक दिसतात, वारकरी नावाचे काळे पाणपक्षी तर शेकड्यांनी. निघण्याच्या आधीच्या एखाद्या रविवारी चारही मुलांना सकाळी तिथल्या पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, न्या आणि एकच खेळ खेळा: पक्षी आपल्याला "थांबा" कधी म्हणतो ते ओळखायचं. चरणारं बदक चरणं थांबवतं आणि मान ताठ करतं, ही पहिली सूचना. मग ते आपल्याकडे पाठ करून हळूहळू लांब पोहायला लागतं, ही दुसरी. मग थवा एकमेकांजवळ सरकतो. त्यानंतर उडतो. मुलांना सांगायचं, मान ताठ झाली की आपण थांबायचं, दुसऱ्या सूचनेला दोन पावलं मागं. आमच्या शिबिरातली सहा-सात वर्षांची मुलं हे तासाभरात शिकतात. मोठ्यांना वेळ लागतो, कारण त्यांच्या हातात मोबाइल असतो.

उडाला तर काय बिघडलं, असं विचारणारे भेटतात. सैबेरिया, मंगोलिया, तिबेटाकडून हजारो किलोमीटर उडून आलेला पक्षी हिवाळाभर एकच काम करतो: खाऊन परतीच्या प्रवासाची चरबी साठवणं. उडणं हे त्याचं सगळ्यात खर्चाचं काम. आपण एकदा उडवलं, आपल्या मागच्या बोटीनं एकदा, तिच्या मागच्या बोटीनं एकदा, असं सकाळभर चाललं की त्याची जमा संपते.

चिल्क्यात पक्षी बघायला मंगळाजोडीला जा. तांगीजवळचं गाव, सरोवराच्या उत्तर काठावर. एके काळी हे गाव पक्ष्यांच्या शिकारीसाठी कुप्रसिद्ध होतं. तिथल्याच शिकाऱ्यांनी बंदुका आणि विष सोडून राखण पत्करली, आणि आज त्यांच्यातले कित्येक पर्यटकांना पक्षी दाखवतात. नाव बांबूनं ढकलत नेतात, इंजिन नाही. मालगुजांचे थवे, तलवार बदकं, थापटे, जांभळ्या पाणकोंबड्या इतक्या जवळून दिसतात की दुर्बीण खाली ठेवावीशी वाटते. या माणसांची नजर शिकाऱ्याची आहे, तुम्हाला पाणी दिसतं तिथे त्यांना पिसाची हालचाल दिसते. सूर्योदयाला नावेत असा, एका नावेत कमी माणसं घ्या, भडक कपडे नकोत. फोटोसाठी थवा उडवायला कधीही सांगू नका. सांगणारे लोक आहेत, मी ऐकलंय, आणि नाव ढकलणाऱ्याचा पडलेला चेहराही पाहिलाय. नलबणचं बेट मात्र अभयारण्य आहे, १९८७ पासून. पावसाळ्यात बुडतं, हिवाळ्यात वर येतं आणि पक्ष्यांनी भरतं. "थोडं आत नेतो" असं कुणी म्हटलं तरी वन विभागाच्या परवानगीशिवाय तिकडे जायचं नाही.

ड्रोन घरी ठेवा. यात मधला मार्ग मला सापडलेला नाही. चिल्क्यात ब्राह्मणी घार आहे, समुद्री गरुड आहे. वरून आलेली कुठलीही उडती वस्तू बदकाला शिकारी वाटते, आणि एका ड्रोननं अख्ख्या पाणथळीवरचे थवे एकदम उठतात. दिरांना सातपाड्याच्या धक्क्यावरून सूर्यास्ताचे फोटो काढू द्या, ते सुंदर येतात.

कायाकबद्दल लोकांचा गैरसमज असतो की आवाज नाही म्हणजे त्रास नाही. मीही बरेच दिवस तसंच समजत होते. पण इंजिनाची बोट जिथे पोचत नाही त्या लव्हाळ्यात, वीतभर पाण्यात कायाक शिरते, आणि नेमके तिथेच पक्षी विसावलेले असतात. शिवाय आवाज नसल्यामुळे त्यांना आधी कळत नाही, एकदम समोर माणूस दिसतो आणि ते घाबरून उठतात. भाच्याला कायाक जरूर चालवू दे, पण मोकळ्या पाण्यात, लव्हाळ्यापासून लांब, स्थानिक माणूस सोबत असताना आणि सकाळी दहाच्या आत. दुपारी वारा उठला की उथळ पाण्यावर आखूड, अंगावर येणाऱ्या लाटा तयार होतात. त्या काठावरून कळत नाहीत, पण कायाकमध्ये बसलेल्या पोराला परतणं मुश्किल करतात.

लाइफ जॅकेटचं बडोदेकरांना मी काय सांगावं. १८ जानेवारी २०२४ ला आपल्या हरणीच्या तलावात बोट उलटली, सहलीला आलेली १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि बहुतेकांच्या अंगात जॅकेट नव्हतं. त्या दिवसापासून माझ्या शिबिरात एक नियम आहे: प्रत्येकाचं जॅकेट बांधून, पट्टा ओढून बघितल्याशिवाय दोरी सुटत नाही. लहान मुलांना मोठ्यांचं जॅकेट चालत नाही, पाण्यात ते वर सरकतं आणि मूल खालून निसटतं. सहा वर्षांच्या मुलाच्या मापाचं, पायांमधून पट्टा असलेलं जॅकेट तिथे मिळेलच असं धरून चालू नका, इथूनच घेऊन जा. अकरा जणांना एका बोटीत कोंबू नका, दोन बोटी करा. पैसे वाचवायची ही जागा नाही. नावाडी वारा बघून नाही म्हणाला तर हुज्जत घालायची नाही. सासूबाईंना चढ-उतार जमत नसेल तर त्यांच्यासाठी बरकूल किंवा रंभाच्या काठावरचं दुपारचं ऊन आणि दुर्बीण पुरेशी आहे. माझ्या आईनं असंच बसून एका दुपारी मला न दिसलेला समुद्री गरुड पाहिला होता.

खाण्याचं. आपल्याकडची सहल म्हणजे थेपले, भाखरवडी, चिवडा, आणि ते असायलाच हवं. फक्त सगळी पाकिटं बडोद्यातच फोडून स्टीलच्या डब्यांत भरा. बोटीत वारा असतो, वेफरचं रिकामं पाकीट हातातून सुटलं की सुटलंच. ते बुडून तळाच्या गवतावर बसतं किंवा जाळ्यात जातं. टाकायचं नाही असं सांगण्यापेक्षा उडण्यासारखं बोटीत काही न्यायचंच नाही, हा सोपा उपाय. स्वच्छतागृह बोटीत नसतं, निघण्याआधी सगळ्यांनी जाऊन यावं. सॅनिटरी पॅड, ओले रुमाल यांसाठी झाकणाचा वेगळा डबा ठेवा आणि तो हॉटेलपर्यंत परत आणा.

आणि गाठिया. जामनगरच्या लाखोटा तलावावर कुरव पक्ष्यांना गाठिया टाकायची आपल्या गुजरातेत जुनी हौस आहे, मुलांना तीच सवय असते. चिल्क्यात कुरव बोटीमागे आले तरी काही टाकू नका. तेला-मिठाचं बेसन हे त्यांचं अन्न नाही, आणि बोटीमागे फिरून पोट भरायला शिकलेले कुरव जमले की बाकीच्या पक्ष्यांच्या घासावर आणि घरट्यांवर संकट येतं. हे पुण्य नव्हे, एवढं मुलांना नीट समजावून सांगा. ती ऐकतात.

समुद्राच्या तोंडाकडच्या वाळूवर तुम्हाला कुणी शिंपला फोडून आत मोती दाखवेल, कुणी तांबडे खेकडे डब्यात धरून दाखवेल. दोन्हीला पैसे देऊ नका. खेकडे वाळूवर आपोआप दिसतात, दहा पावलांवर गुडघे टेकून दोन मिनिटं न हलता बसलात की बिळातून बाहेर येतात. तेरा वर्षांच्या मुलाला हे काम द्या, त्याला आवडेल. शंख-शिंपले पिशवीत भरून आणू नका, रिकाम्या शंखात शंखातला खेकडा राहायला येतो.

सरोवरातल्या बेटावरच्या कालीजाईच्या देवळाला जायचं असेल तर मकरसंक्रांतीच्या जत्रेचे दिवस सोडून जा. डिसेंबरात तसाही प्रश्न नाही. पहिला दिवस सातपाडा ठेवा, दुसऱ्याची पहाट मंगळाजोडी. दोन्ही ठिकाणं एकाच दिवसात उरकू नका. घाई झाली की "पास ले लो" तोंडातून निघतंच.

वढवाण्याला येत्या रविवारी मी एका गटाला घेऊन जातेय. साडेसहापर्यंत पाळीवर असू. मुलांना घेऊन या, दिरांनाही आणा. माझ्याकडे दोन दुर्बिणी जास्तीच्या आहेत. स्वेटर मात्र घाला, पाण्यावरून वारा गार येतो.